आठ दशांश पस्तीस

(चांदा, १९५५. सरकारी दवाखान्यातील डोळे तपासण्याची खोली. जंगल खात्याचे निवृत्त ओव्हरसियर बापूजी, त्यांच्या पत्नी गुणाबाई आणि डॉक्टर.)

डॉक्टर : आणि हे भिंग मी तुमच्या डोळ्यात बसवायचं?

बापूजी : उजव्या. सोबत आराखडा जोडला आहे. लंडनला एका डॉक्टरांनी मोतीबिंदू काढून त्याच जागी असं भिंग बसवलं, हे मी स्वतः मासिकात वाचलं.

डॉक्टर : वाचलंत? कसं?

बापूजी : हातभिंगानं. एक पान, चार दिवस.

डॉक्टर : आणि ही काच कुठून आणली?

बापूजी : काच नव्हे, विमानाच्या खिडकीचं प्लास्टिक. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत त्याचे तुकडे शिरले, तरी डोळ्यांनी कुरकुर केली नाही, असं त्या लेखात होतं. आमचे बाबूभाई भंगारवाले नागपूरहून लष्करी लिलावातला माल आणतात. त्यांनी अख्खी खिडकीच दिली. उरलेल्या तुकड्यात आणखी चाळीस रुग्ण निघतील.

गुणाबाई : सहा महिने झाले जी, घासूनच राह्यले. घरचं सारं दंतमंजन या भिंगाले लागलं. पाहुण्याइले दात घासाले कोयसा द्याव लागला.

बापूजी : त्याला पॉलिश म्हणतात, गुणा.

डॉक्टर : व्यास किती ठेवलात?

बापूजी : आठ दशांश पस्तीस मिलिमीटर. व्हर्नियरच्या बारीक मोजपट्टीनं तीन वेळा मोजला, सरासरी काढली, खाली तारीख टाकून सही केली.

डॉक्टर : तो व्हर्नियर द्या इकडे. हं. आडवा साडेअकरा. उभा दहा.

बापूजी : व्हर्नियर बिघडला असेल.

डॉक्टर : मग तो राहू द्या. बोटांनी चाचपून पाहा.

बापूजी : ...अंडाकृती आहे. चक्क अंडाकृती! म्हणजे ज्या माणसाला मोजपट्टीवरची रेघ दिसत नाही, त्याच्या मोजमापावर मी सहा महिने भरवसा ठेवला. आणि तो माणूस मीच. सरासरीनं चूक जात नाही, डॉक्टरसाहेब, तिला फक्त दोन दशांश स्थळं मिळतात. इंजिनिअरिंग शाळेत पहिल्याच वर्षी हे शिकवलं होतं. त्या विषयात मला पारितोषिक होतं.

डॉक्टर : गोल असतं तरी मी बसवलं नसतं. ती शस्त्रक्रिया मला येत नाही, इथं कुणालाच येत नाही. तिकडेही काहींची भिंगं सरकली, डोळे सुजले. मला मोतीबिंदू काढता येतो आणि नंतर जाड चष्मा देता येतो. गेल्या वर्षीच सांगितलं होतं. आता तो फार पिकलाय. असाच ठेवलात तर डोळा जाईल, आणि डावाही मागोमाग आहे.

गुणाबाई : चांगलं सांगा यायले. मी सांगते त कानातच जात नाई.

डॉक्टर : चष्म्याची अडचण तरी काय?

बापूजी : आमचे नथ्थू चौकीदार तो लावतात. त्यांना दाराची चौकट दोन्ही बाजूंनी आत वाकलेली दिसते. चौतीस वर्षं मी ओळंबा लावून लोकांच्या भिंती पाडायला लावल्या. ज्याला ओळंब्याची दोरीच वाकडी दिसेल, त्याला कोण विचारणार?

गुणाबाई : आता कोन ईचारते जी? परवा नाक्यावर सागाच्या खांबाले रामराम केला. अन् जवाबासाठी उभेच राह्यले!

बापूजी : जंगल खात्यातली माणसं उत्तर सावकाश देतात, गुणा.

डॉक्टर : बापूजी, दोरी वाकडी दिसेल. पण दिसेल.

बापूजी : ...किती दिवस निजावं लागेल?

डॉक्टर : दहा. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही. बोलणंही बेताचं.

गुणाबाई : बोलनं बी बंद? मंग आजच करा ना जी!

डॉक्टर : सोमवारी. सकाळी उपाशीपोटी या.

बापूजी : येतो. रस्त्याची काळजी नको. हिचं हे हिरवं लुगडं पुढं ठेवायचं आणि मागून चालायचं, अशी आमची पद्धत ठरलेली आहे.

गुणाबाई : हिरवं नाई जी.

बापूजी : पण मी विचारलं की तू हो म्हणतेस.

गुणाबाई : तुमाले वाईट नको वाटाव म्हून. दोन वर्सं झाले, हो म्हनतच राह्यली.

बापूजी : मग आहे तरी कोणत्या रंगाचं?

गुणाबाई : आता नाई सांगत. पट्टी सुटली का तुमीच पाहजा.