डोळ्याएवढं पोट

"हॅलो?… हो, मीच. माझ्या घरी दुसरं कोण असणार?… अगं, रडतेस कशाला? कोण गेलं?… कुणी नाही? मग आधी ते सांगायचं ना! हं. आता जीव भांड्यात पडला. बोल."

थोरलीने इस्त्री उभी केली आणि स्टूल ओढून बसली. लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स म्हणून काढून ती निवृत्त झाली होती. तेव्हापासून तिच्या खिडकीत फायटर माशांच्या दोन टाक्या होत्या, आणि नात्यागोत्यात कुणाचा मासा शिंकला तरी फोन हिलाच यायचा. आज धाकट्या बहिणीचा होता.

"बरं, पैलवान आडवा झालाय. तळाशी की वर?… वर, एका कुशीवर. पोट?… वाटाण्याएवढं? बाप रे… हळू का बोलतेस? काही ऐकू येत नाही… नवरा बाहेरच्या खोलीत आहे? मग असू दे की! मासा आजारी पडलाय, चोरी नाही केलीस तू… बरं बाई, बोल हळू.

"आता टाकीवर वाक आणि वरून बघ. समोरून नाही गं, वरून. खवले अंगाला चिकटलेत का पिंजारल्यासारखे उभे राहिलेत?… चष्मा लाव. मी थांबते."

ह्या एका उत्तरावर सगळं अवलंबून होतं. खवले उभे राहिले म्हणजे आत पाणी भरलेलं असतं, आणि मग कुणाच्या हाती फारसं काही राहत नाही. थोरलीचे असे दोन मासे गेले होते. फोनवर मात्र ती हे कुणाला सांगत नसे.

"चिकटलेत? नक्की?… देवा! मग आशा आहे… आशा आहे म्हणाले, बरा झाला असं नाही म्हणाले. ऐक. टाकीतलं पाणी काढ, चार बोटं ठेव. त्याला पाण्यावर येऊन हवा घ्यावी लागते, आणि एवढं पोट घेऊन वर यायला दम लागतोय त्याला. हीटर आडवा कर, उघडा पडला तर तडकेल.

"खायला काय घालतेस?… तीन दाणे. सकाळी सातला, कामावर जाताना. आणि?… बस? अगं, मग हे पोट तीन दाण्यांचं नाही. त्याचं पोट असतं त्याच्या डोळ्याएवढं… नाही गं, तुला खोटं कुठे पाडतेय! तू चहात साखरसुद्धा मोजून घालणारी. ती खाण्याची डबी आण जरा… आण म्हणते ना. नवी कधी उघडली होतीस?… लेक होस्टेलला गेली त्या दिवशी. म्हणजे अडीच महिने. उरलंय किती?… तळाला गेलंय?

"आणि पाणी कसं दिसतंय?… निळं. औषध घातलंस! मला न विचारता. किती थेंब?… दोन. दोन थेंबांनी नुसती झाक येते… शाईसारखं?… पलीकडची भिंतही दिसत नाही?"

वॉर्डात तिने हे पाहिलं होतं. पलंगाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप, दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि तापाचं एकच औषध दोघांनी आपापलं पाजलेलं. अशा वेळी ती पोराकडे नंतर आणि आईबापांकडे आधी बघायची.

"हॅलो… आहे मी, आहे. एक विचारते, चिडू नकोस. दिवसभर घरी कोण असतं?… माहितीये त्याच्याशी बोलत नाहीस. किती दिवस झाले?… चोवीस. दाण्यांसारखे तेही मोजतेस वाटतं!… हो, हो… अगं ऐक ना… नोकरी सोडली आणि तुला आठ दिवस सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून यायचा. हे ऐकून माझंही डोकं फिरलं होतं. चूक त्याचीच, लिहून देते… त्याची बाजू नाही घेत मी. माशाची घेतेय!

"तू सकाळी तीन दाणे घालतेस हे त्याला सांगितलंयस?… मग त्याला कसं कळणार? तूच सांग… औषधाचंही तेच झालं असणार. तुझे दोन थेंब, वर त्याचे किती देव जाणे.

"नाही. चिठ्ठी अजिबात चिकटवायची नाही टाकीवर… का म्हणजे? तीन दिवस पैलवानाला एकही दाणा द्यायचा नाही. निम्मं पाणी आज बदलायचं, निम्मं उद्या. परवा तू कामावर. शी केली का, कुशीवरून उठला का, हे कोण बघणार? चिठ्ठी बघणार?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. थोरली इस्त्रीच्या वायरला पीळ घालत ऐकत होती.

"झालं?… आता मी बोलते. आज शनिवार. संध्याकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल येणार आणि तुम्ही दोघं टाकी मध्ये घेऊन तिच्यापुढे हसत बसणार… तिला कळत नाही असं वाटतं तुला? सांगणार नव्हते, पण मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं. मावशी, आईबाबा माझ्याशी फक्त पैलवानाबद्दलच का बोलतात?… हो. असंच म्हणाली… रड. रडून घे.

"आता जा आणि विचार त्याला… काय विचारू म्हणजे? दिवसातून किती दाणे घालता, एवढंच. बाकीचं भांडण राहू दे तसंच, ते कुठे पळून जातंय? जा, मी धरते फोन."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, मग धाकटीचा एक तुटका प्रश्न. मग एक पुरुषी आवाज, बसलेला, घसा खाकरत सुरू झालेला. शब्द कळत नव्हते.

"हं, बोल… सहा? तुझे धरून नऊ! डोळ्याएवढ्या पोटात नऊ दाणे… कधी घालतो? दुपारी आणि रात्री… जेवताना?… म्हणजे? नीट सांग, रडू नको… ताट टाकीजवळ घेऊन बसतो?… आणि आपण एक घास घेतला की त्याला…

"एकट्याने जेवण जात नाही म्हणाला?"

चोवीस दिवस तो माणूस एका माशाच्या पंगतीला बसला होता, आणि थोरलीने मात्र त्याला मनातल्या मनात रोज एक नवी शिवी दिली होती.

"नाही गं, आहे मी… तो कुठे आहे आता?… बादली आणायला गेला. बरं. तू जेवलीस का?… दोन वाजून गेले. आणि तो?… मग ऐक, शेवटचं सांगते. आधी दोघं मिळून पाणी बदला. मासा उपाशी राहू दे. तुम्ही दोघं जेवायला बसा… नाही, मला काही सांगू नकोस आता. त्याला सांग. ठेवते."