पोत्याची जागा

वाळवंटाकाठच्या आमच्या तोझर गावातून राजधानीला जाणारी वडाप गाडी आठ जागा भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही. माझ्या लहानपणीही हलत नसे. गाडीत माझ्यामागे मन्नूबिया आणि तिच्या गल्लीतले लझहरकाका बोलत होते.

"पोत्यात काय गं?"

"खजुराच्या झावळ्या दाबून केलेल्या फळ्या, काका. तपासणीचा शिक्का नाही मिळाला, तर माझा कारखाना बंद."

"तपासायचं यंत्र आपल्या भागासाठीच आलं होतं ना? मंत्र्यांनी फीत कापली, आपण खजूर वाटले."

"यंत्रावरच्या साहेबांना इथला उन्हाळा सोसेना. यंत्र राजधानीला गेलं, पाटी इथे राहिली."

"तिकडे झावळ्या आहेत?"

"रस्त्याकडेला शोभेच्या."

"आणि यंत्र चालवायला शिकलेली तुझी लेक?"

"यंत्रामागे गेली."

ड्रायव्हर ओरडला, "एकच जागा राहिली."

"तिथे माझं पोतं ठेव. भाडं देते."

"टपावर टाकतो की, ताई."

"इथून सगळं टपावरूनच गेलं. हे बसून जाईल."