आरशासारखी टाकी

शोभेच्या माशांच्या दुकानात शिवणवाल्या बाई खाद्याचा डबा घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढे एक बाप आणि त्याची सहा-सात वर्षांची लेक.

“लहान मुलांच्या घरात कुठले मासे टिकतील हो? आमचे दोन्ही गोल्डफिश गेले,” बापाने दुकानदाराला विचारलं.

“गप्पी न्या, काटक असतात. पण आधीचे गेले कशाने?”

“मी मारले,” मुलगी म्हणाली.

“अगं, असं काय बोलतेस?”

“मी पाण्यात बोट घातलं होतं. दादा म्हणाला, म्हणूनच मेले.”

“बोटाने मासा मरत नाही, बाळा,” दुकानदार म्हणाला. “टाकी कोण धुतं?”

“मी! दर रविवारी,” बाप म्हणाला. “सगळं पाणी ओतून देतो, खडे, फिल्टर, सगळं घासून काढतो. आरशासारखी लख्ख असते टाकी!”

“इथेच माशी शिंकली, साहेब. माशांचं पाणी निर्मळ ठेवणारे चांगले जंतू त्या फिल्टरमध्येच राहतात. तुम्ही दर रविवारी ते मोरीत सोडलेत.”

“म्हणजे... मी मारले?”

“आता काय सांगू!”

“ऐकलंस ना? बाबांनी मारले! तू नाही!” बाप लेकीकडे वळून आनंदाने म्हणाला.

बाईंना वाटलं, या माणसाला बक्षीस लागलं की काय.

“नक्की?”

“शंभर टक्के. दादालाही सांगतो.”

“बाबा, तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?”

“नाही गं.”

“मग रडायचं नाही. पण आता रविवारी तुम्ही टाकीला हात लावायचा नाही. मी सांगेन तेव्हाच लावायचा.”