लताबाईंनी टायर खाली उतरवले

आजच्या सत्कार समारंभाच्या अध्यक्षा डॉ. भाग्यश्री टर्ले मॅडम, दारणाकाठ पशुसेवा सहकारी संस्थेचे माजी व्यवस्थापक माननीय भारतराव टिळे साहेब, व्यासपीठावरचं संचालक मंडळ, सुरगाणा-पेठकडून सकाळच्या जीपने आलेले आमचे पशुसेवक बंधू, पहिल्या रांगेत बसलेल्या अंजलीताई, आणि आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती लताबाई झुंबर पगारे. सत्कारमूर्तींचं नाव मी शेवटी घेतलं. ते आधी घ्यायचं असतं का, मला नक्की माहीत नाही. चुकलं असेल तर मॅडम, तेवढं सांभाळून घ्या.

मी खंडेराव मंडलिक. नव्या मंडळींना माझी ओळख असायचं कारण नाही. द्वारका चौकाच्या मागे आपलं जे स्टोअर आहे, त्याचा मी ब्याऐंशीपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत भांडारपाल होतो. शेवटची चार वर्षं लताबाई माझ्या हाताखाली मदतनीस होत्या. मी मुख्य कार्यालयात गेलो आणि स्टोअर त्यांच्याकडे आलं. आज दोन हजार आठ. दहा वर्षं त्यांनी ते एकटीने चालवलं.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. खिशात दोन कागद आहेत. एका कागदावर लताबाईंचे गुण लिहिलेत: वक्तशीर, निष्ठावान, वगैरे. ते सगळं खरं आहे आणि माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी ते सांगितलंय. दुसऱ्या कागदावर जे आहे ते निरोपाच्या कार्यक्रमात बोलायचं असतं का, हे मला आठ दिवस झाले कळत नाहीये. बायकोला विचारलं, ती म्हणाली, "तुम्हीच बघा." मी काय बघणार? पण आता माइकसमोर उभा आहे, तर दुसराच कागद काढतो.

आपल्या संस्थेचं काम म्हणजे गुरांना लस टोचणं. त्यासाठी आपली माणसं मोटारसायकलला बर्फाचा डबा बांधून सुरगाण्याच्या पाड्यापाड्यावर जातात. तिकडचे रस्ते तेव्हा टायर खायचे. म्हणून संस्था एकदम तीस-चाळीस टायर घेऊन ठेवायची, आणि ते सांभाळायचं काम माझं.

मी ते कसं सांभाळायचो? आमचा मखमलाबादला गुलाबाचा मळा. लहानपणापासून मी एक शिकलो, माल दिसला पाहिजे. फुलांच्या पाटीवर पाणी मारायचं, चांगली फुलं वर ठेवायची. तेच डोकं मी स्टोअरमध्ये वापरलं. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर भिंतीला खिळे ठोकून टायर ओळीने टांगले. आत येणाऱ्याला पहिले तेच दिसायचे. खाली हवा भरायचा विजेवरचा कॉम्प्रेसर, शेजारी डिझेलचे कॅन. आणि दर शनिवारी मी फडक्याला थोडं तेल लावून एकेक टायर पुसायचो. काळेभोर चमकायचे. संचालक मंडळ पाहणीला यायचं तेव्हा म्हणायचं, मंडलिकांचं स्टोअर बघा. मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

त्र्याण्णव सालच्या एप्रिलमधला मंगळवार. आमचे पशुसेवक झुंबर पगारे, म्हणजे लताबाईंचे यजमान, मागचा टायर बदलून घ्यायला आले. मी खिळ्यावरून एक काढून दिला. नव्वद सालच्या खरेदीतला होता, तीन वर्षं तिथेच टांगलेला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. म्हणाले, "मंडलिकभाऊ, हा लय कडक लागतोय."

मी म्हणालो, "नवा आहे, झुंबरराव. चालवला की नरम पडेल."

ते हसले, सही केली आणि टायर खांद्यात अडकवून गेले. शनिवारी सुरगाण्याच्या वाटेवर एका उताराच्या वळणावर त्यांची गाडी घसरली. ते जागेवरच गेले. बेचाळीस वर्षांचे होते. त्यांची मुलगी, आपल्या अंजलीताई, तेव्हा सातवीत.

गाडी जीपमध्ये घालून स्टोअरला आणली, ती मीच उतरवून घेतली. मागच्या टायरच्या कडेला एक चीर होती, जवळजवळ अर्ध्या गोलापर्यंत गेलेली. मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. चीर आधी पडली आणि म्हणून ते पडले, की ते पडले आणि दगडावर आपटून चीर पडली? त्या वळणावर खडी सांडलेली होती, हेही खरं आहे. मला तेव्हा कळलं नाही आणि पंधरा वर्षांनी आजही सांगता येत नाही.

संस्थेने चौकशी केली. मला एकच प्रश्न विचारला, टायर कसा होता? मी उत्तर दिलं, नवा होता. त्यांनी लिहून घेतलं. चालकाच्या चुकीने खडीवरून ताबा सुटला, असा अहवाल झाला. झुंबररावांनी मला काय म्हटलं होतं, ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मॅडम, पाच मिनिटं होऊन गेली असतील. आपण बेल वाजवली नाहीत, म्हणून पुढे बोलतो.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत लताबाईंना त्यांच्या यजमानांच्या जागी नोकरी मिळाली. संस्थेत इतकी खाती, पण त्यांना नेमकं माझ्या स्टोअरला पाठवलं. पहिल्या दिवशी त्या आल्या, पिशवी खुंटीला लावली आणि टायरांच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मी टेबलावरून मान वर केली नाही. मग त्यांनी विचारलं, "साहेब, हे टायर इथं खिडकीशी का टांगलेत?"

मी म्हणालो, "दिसावेत म्हणून."

"कुणाला?"

मी पावतीपुस्तकाची पानं उलटायला लागलो.

पुढच्या सोमवारी त्या एक वही घेऊन आल्या. रविवारी त्या देवळाली कॅम्पला गेल्या होत्या. तिथे त्यांच्या ओळखीतले सहादू बोडके नावाचे सुभेदार लष्कराच्या गाड्यांच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बसून लताबाईंनी विचारून विचारून सगळं लिहून आणलं होतं. मला वाचून दाखवलं. ऊन लागलं की रबर कडक होतं. खिळ्यावर टांगलं की टायरचा आकार बिघडतो. विजेची मोटर चालते तिथल्या हवेने रबराला बारीक भेगा पडतात. डिझेलची वाफही वाईट. आणि तेल लावायचं नाही. तेलाने रबर आतून खराब होतं, वरून मात्र चमकतं.

मंडळी, मी बारा वर्षं दर शनिवारी तेल लावत होतो. ती वही ऐकताना मला काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. बाईंना झुंबररावांच्या टायरचं माहीत आहे म्हणून त्या हे वाचतायत, की माहीत नाही म्हणून वाचतायत? त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजेना. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "शिडी कुठंय, साहेब?"

त्यांनी एकेक करून सगळे टायर खाली उतरवले. मी खालून धरत होतो. मागची खोली रिकामी केली, तिथे ऊन येत नाही. लाकडी घोडे करून घेतले आणि टायर त्यावर उभे ठेवले. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, वर काळं जाड कापड टाकलं. कॉम्प्रेसर बाहेर पडवीत गेला, डिझेल कुंपणाजवळच्या शेडमध्ये. प्रत्येक टायरला खडूची एक खूण, आणि दर महिन्याच्या एक तारखेला ती खूण थोडी फिरवायची, म्हणजे एकाच जागी भार येत नाही. टायरच्या कडेला तो कुठल्या आठवड्यात बनला ते छापलेलं असतं, हेही मला त्यांनी दाखवलं. आधी बनलेला आधी द्यायचा.

आता जूनची गोष्ट. पाऊस तोंडावर आला की सगळे पशुसेवक टायर मागायला येतात, तसे आले. नव्वद सालच्या खरेदीतले आठ टायर शिल्लक होते. लताबाईंनी ते बाजूला काढून ठेवले आणि म्हणाल्या, "हे मी देणार नाही."

गोष्ट टिळे साहेबांपर्यंत गेली. साहेब, आपल्याला आठवत असेल, आपण स्वतः स्टोअरमध्ये आलात. आपण म्हणालात, "अहो बाई, हे कोरे टायर आहेत. एकदाही रस्त्यावर गेले नाहीत."

लताबाईंनी एक टायर गुडघ्याखाली दाबून वाकवला आणि कड आपल्याला दाखवली. केसासारख्या भेगा होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, रस्त्यावर गेले नायत, पण उन्हात होते."

आपण माझ्याकडे वळलात. "मंडलिक, भांडारपाल तुम्ही आहात. तुम्ही सांगा. हे टायर खराब आहेत का?"

चार पशुसेवक उभे होते, बाई उभ्या होत्या. झुंबररावांना दिलेला टायर त्याच खरेदीतला, त्याच भिंतीवरचा. हे खराब म्हटले तर तोही खराब होता. नाही म्हणावं तर हे आठ टायर घेऊन आठ माणसं घाटात जाणार. मग म्हणालो, "हो. खराब आहेत. बाई बरोबर सांगतायत."

टिळे साहेब, तुम्ही पुढचा प्रश्न विचारला नाहीत. कधीपासून खराब आहेत, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही फक्त "मग कापून टाका" म्हणालात आणि गेलात. तुमच्या लक्षात आलं नाही, की आलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. आज आपण शेजारीच बसला आहात, पण मी विचारत नाही. त्या दिवशी लताबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता त्या विचारतील. त्यांनी करवत आणायला सांगितलं.

त्यानंतरही त्या या विषयावर कधीच बोलल्या नाहीत. चार वर्षं आम्ही एका खोलीत डबा खाल्ला. अंजलीताई दहावी पास झाल्या तेव्हा पहिला पेढा मला दिला. मी तो हातात धरून बसलो होतो. मी निर्दोष आहे म्हणून दिला, की माफ केलं म्हणून? मी कोण ठरवणार?

या कार्यक्रमात बोलायचं आमंत्रण आलं तेव्हा मला राहवलं नाही. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, "लताबाई, त्र्याण्णवच्या त्या टायरबद्दल मला काही सांगायचंय."

त्या म्हणाल्या, "झुंबररावांनी सांगितलं होतं मला. मंगळवारीच. जेवताना म्हणाले, टायर कडक आहे, पण मंडलिकभाऊ म्हणतात चालवला की नरम पडेल."

म्हणजे माझे शब्द जसेच्या तसे त्यांच्या घरात पंधरा वर्षं होते. माझ्या हातातला कप त्यांनी घेऊन खाली ठेवला.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. पहिल्या आठवड्यात रोज घरून ठरवून यायचे. मग त्या शनिवारी तुम्हाला टायर पुसताना पाहिलं. लेकराचं तोंड पुसावं तसे पुसत होता. मला कळेना, या माणसाला काय म्हणायचं. म्हटलं, आधी टायर नीट ठेवायला शिकू, बोलायचं ते मग बोलू. ते राहून गेलं."

मी विचारलं, "मला माफ केलंत का?"

त्यांनी माझा कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, "ते माझं मलाच अजून समजलेलं नाही, साहेब. कधी वाटतं हो, कधी नाही वाटत. पण अंजलीला हे ठाऊक नाही. तिला तुमच्या तोंडून ऐकू दे."

मंडळी, म्हणून हा दुसरा कागद. अंजलीताई, तुमच्या वडिलांकडून चूक झाली असं अहवालात लिहिलेलं आहे, आणि तुम्ही तेच धरून मोठ्या झालात. तुमचे वडील सावध माणूस होते. त्यांनी टायर दाबून पाहिला होता आणि कडक आहे असं मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही. हे मी लिहून, सही करून टर्ले मॅडमकडे सकाळीच दिलेलं आहे. त्या अहवालाला ते जोडावं, एवढी माझी विनंती आहे. पुढे काय करायचं ते संस्थेने ठरवावं.

लताबाईंबद्दल आता मी काय बोलू? या चौदा वर्षांत आपल्या स्टोअरमधून शेकडो टायर गेले. टायर फाटून आपला एकही माणूस पडलेला नाही. समोर बसलेले पशुसेवक बंधू याला साक्षी आहेत. यातली कितीतरी माणसं लताबाईंनी दाबून, वाकवून पाहिलेल्या टायरांवर घरी परत गेली. त्यांना ते माहीतही नसेल.

बोलावल्याबद्दल संस्थेचे आभार. न थांबवता ऐकून घेतल्याबद्दल मॅडमचे आणि सभेचे आभार. बोलण्यात नावं मागेपुढे झाली असतील, वेळ जास्त घेतला, आणि निरोपाच्या दिवशी हे काढायला हवं होतं की नाही, ते मला अजूनही माहीत नाही. त्या सगळ्याबद्दल सभेने क्षमा करावी. बाकीची क्षमा सभेकडे मागण्यासारखी नाही. अंजलीताई, मी खाली येऊन तिथे मागच्या दाराशी बसतो. तुम्हाला काही विचारायचं असेल तर या. नसेल यायचं, तरी मी कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच आहे.

नमस्कार. जय भीम.