पाठ पाहिला, समाधानकारक

हे सांगाचं मी लय वर्षं टाळलं. कोणी रवी सरचं नाव काढलं का मी गोष्ट पऱ्हाटीवर, कापसावर नेत होतो, औंदा बोंडअळी कशी आहे रे बाबू, असं विचारत होतो, न समोरचा तिकडंच लागत होता. आता बुढा झालो, टाळून जाऊ कुठं. लिहा तुम्ही, मी बोलतो.

मी आर्णीकडच्या खेड्यातला. बापानं शाळेत टाकलं तवा गुरुजीले म्हणलं होतं, मांस तुमचं, हाडं आमची. म्हणजे मारा, पण जित्ता ठेवा. गुरुजीनं बी मारलं, पट्टीनं मारलं, डस्टरनं मारलं, एकदा तं कानशिलात अशी हाणली का मी जेवलोच नाही दिवसभर. मग मीच मास्तर झालो, हेडमास्तर झालो, न तेच केलं. काय सांगू तुम्हाले, माह्या हातात तुतारी राहे, बैल हाकाची काठी, पुढची आर काढलेली. माह्या चपलेचा आवाज ऐकून लहान पोट्टे मुतत. न मी त्याले शिस्त म्हणत होतो. पोराचं बोट सुजलं तं बापच मले म्हणे, बरं केलं गुरुजी.

रवी नवा लागला तवा त्याचा बाप त्याले सोडाले आलता. हसून म्हणे, गुरुजी, पोरगं तुमच्या हवाली, मांस तुमचं. मी म्हणलं, न हाडं? म्हणे, हाडं बी तुमचीच, आता मास्तर झाला ना. आम्ही दोघं हसलो. ते हसणं मले आजबी टोचते.

रवी मारत नव्हता. शाळेमागच्या टेकडावर मोबाईलले रेंज भेटे, तिथं जाऊन तो इंटरनेटवरचे फुकटचे पाठ उतरवून आणे. कुठल्या कुठल्या मास्तराईनं बनवलेले, हलणारे चित्रं, गाणे, खेळ. खिडकीले पोते लावून लहानशा प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवे. पोट्टे कापूस वेचाच्या दिवसातबी शाळेत येऊ लागले. मी टोमणा मारो, काहो रवी सर, तुमच्या टॉकीजचं तिकीट किती? तो म्हणे, तुमच्यासाठी फुकट सर, पण तुतारी बाहेर ठेवा लागते.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, फवारा तोंडावरच ये. फवारणारे माणसं वावरात पडू लागले, ओकाऱ्या, डोळ्याले दिसेना, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ लागले. माहा चुलतभाऊ त्यातच गेला. मग मीच रवीले म्हणलं, फवारणीवर एखादा पाठ भेटते का पाहा सर, पोट्ट्याईले दाखवा. मीच म्हणलं. त्यानं शोधून आणला. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, तोंड बांधा, हातानं औषध कालवू नका. मी मागं बसून पाहिला न वहीत नेहमीचा शेरा देल्ला, पाठ पाहिला, समाधानकारक. याच्या वरचा शेरा मी जन्मात कोणाले देल्ला नाही.

सातवीतली कांचन, गणपतची पोरगी. तिनं घरी बापानं कालवलेलं औषध सांडून देल्लं. बाबा, तुम्ही मरान, म्हणे. गणपतनं तिले पंपाच्या दांडीनं मारलं, मनगट मोडलं, न दुसऱ्या दिवशी चार-पाच जण घेऊन शाळेत आला. मी व्हरांड्यात उभा होतो. म्हणे, पोट्टीले हे कोणी शिकवलं? नाव सांगा गुरुजी, नाहीतं तुमचंच डोस्कं फोडतो.

मले फक्त म्हणाचं होतं, मी लावलं दाखवाले. एवढंच. तोंडातून निंगालं, रवी सर. न तुतारी वर्गाकडं दाखवली. गणपतनं ती माह्या हातातून हिसकली. आता खोटं कायले बोलू, हिसकली नाही. मी सोडली.

त्याईनं त्याले पोट्ट्याईसमोर ओढत बाहेर आणलं. पहिला फटका पाठीवर, दुसरा तोंडावर, दात उडाला. खाली पडला तं लाथा. आत भिंतीवर दुसरा पाठ चालूच होता, त्यातली बाई गोड आवाजात म्हणून राह्यली होती, चला, आता सगळे हात धुवा. एकानं कानावर टाच हाणली, कानातून रक्त आलं. पोट्टे माह्या धोतराले धरून रडत, सर, वाचवा ना, सर, वाचवा ना. रवीनं एकडाव माह्याकडं पाहिलं. त्याले बी फक्त म्हणाचं होतं, यायनंच सांगितलं. तो नाही बोलला.

पोलीस आले तवा मी म्हणलं, मी ऑफिसात होतो, काही पाहिलं नाही. रवीचा डावा कान गेला. त्यानं पुसदकडं बदली मागून घेतली. मी तुतारी पुन्हा हातात धरली नाही, पण त्यानं काय होते.

पुढं गणपतच वावरात पडला. वाचला, नजर अधू झाली. बरा झाला तसा पोरीचा हात धरून एसटीनं पुसदले गेला न रवीच्या पाया पडला. येऊन मले म्हणे, गुरुजी, त्यानं चहा पाजला, तुमची खुशाली विचारली, जाऊन या ना. मी म्हणलं, जातो, कापूस सरला का जातो. किती कापूस सरले तवापासून.

आता माही नात आर्णीले मास्तरीण आहे. रोज मोबाईलवर पाठ पाहते. एक दिवस चुलीजवळ तिच्या मोबाईलमधून ओळखीचा आवाज आला. रवी. आता तो सोताच पाठ बनवते, साऱ्या मास्तराईसाठी फुकट टाकते. पोट्ट्यानं काही विचारलं का मान वळवून उजवा कान पुढं करते. नात म्हणे, आबा, या सराईची ही लकब किती गोड आहे ना.

पाठाच्या खाली लिहाले जागा राहते. मी म्हणलं, माह्यासाठी लिही बाई. म्हणे, काय लिहू आबा? सारं तोंडाशी आलतं, रवी, मीच सांगितलं होतं, तुतारी मीच सोडली, तुह्या बापानं तुले माह्या हवाली केलतं. न तोंडातून निंगालं, पाठ पाहिला, समाधानकारक.

तिनं तसंच लिहून टाकलं, तिच्या नावानं. सांजेले त्याचं उत्तर आलं, तिनं वाचून दाखवलं. धन्यवाद, ताई.