श्रेय सिलिकॉनचं

— नाही हो काका, मी रोजची नाही इथे. ही जागा आईची, तिचा गुडघा सुजलाय म्हणून रविवारपुरती मी. तुकड्या जाड करू? बरं. एरवी मी परळला केमिस्ट्रीत पीएचडी करते — बघा, हसलात! सगळे हसतात. कशावर? सांगते, सुरमई साफ होईस्तोवर वेळच आहे. दोन रेणू आपणहून जुळत नाहीत, मध्ये कुणीतरी लागतं — आमच्याकडे सिलिकॉन, वाळूत असतं तेच. ते एका रेणूच्या ऑक्सिजनला धरतं, त्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं, मग तो रेणू हपापून दुसऱ्याला चिकटतो. असं ओढणाऱ्याला लुईस अ‍ॅसिड म्हणतात. काम झालं की सिलिकॉन मोकळं, चाललं पुढच्या जोडीकडे. माझा सीनियर स्वप्नील, काळाचौकीचा, त्याने चार वर्षं घातली यात. शंभरातले नव्वद जुळायचे! अख्खी लॅब त्याला सिलिकॉनशेठ म्हणायची.

मार्चमध्ये नवी पेटी आली — काचेची, आत बाष्पाचा थेंब नाही. सर म्हणाले, "शेफाली, स्वप्नीलची रिअ‍ॅक्शन यात कर, अजून छान येईल." आलं काय? शून्य! तीनदा केली, तीनदा शून्य. मग डोक्यात आलं — पाणी. आपल्या मुंबईत डब्यातलं मीठ ओलं होतं, मग ते सिलिकॉन कसं कोरडं राहणार? त्याला ओल लागली की साधं कडक अ‍ॅसिड सुटतं. मी काय केलं, बाहेर टेबलावर तीच रिअ‍ॅक्शन लावली आणि त्यात एक जाडजूड बेस टाकला — तो सुटं अ‍ॅसिड पकडतो, पण सिलिकॉनजवळ त्याचं अंग शिरत नाही. रिअ‍ॅक्शन ठप्प! म्हणजे राबत होतं चोरटं अ‍ॅसिड, नाव सिलिकॉनचं.

सरांआधी स्वप्नीलला सांगितलं. वरळीला, आमच्या होड्यांपाशी. माझे आकडे कागदावर बघितले आणि म्हणाला, "तीन आठवड्यांवर व्हायवा आहे गं. तेवढे दिवस गप्प बस ना." आणि मी बसले — मी! आई म्हणते, हिच्या तोंडाला कुलूप नाही. एकोणीस दिवस बसले, काका. मग त्याने आमच्यासमोर भाषणाची तालीम केली, आणि लॅबमधल्या अनुजाने सहज विचारलं, "पूर्ण कोरड्यात चालतं का हे?" तो माझ्याकडे बघत म्हणाला, "हो." तसंच बघत. मी उठले आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर ओरडले नाहीत, तेच वाईट. व्हायवा सहा महिने पुढे, चॅप्टर नव्याने. पण लिहिला हो त्याने — चोरट्या अ‍ॅसिडवरच लिहिला, पहिल्यापेक्षा भारी, आणि पेपरवर माझं नाव स्वतःहून घातलं. गेल्या गुरुवारी डॉक्टर झाला. पेढे सगळ्यांना हातात दिले, माझा टेबलावर ठेवून गेला. बोलत नाही अजून. नको बोलू दे! मला काय? आईलाच चुकल्यासारखं होतं, दर रविवारी बोंबील न्यायला यायचा ना, पैसे घ्यायची नाही ती त्याच्याकडून, आणि दिवाळीत त्याच्या घरी जाऊन बोलणी — म्हणजे, असंच, भेटायला जाणार होती.

काय? छे हो! तसलं काही नव्हतं.

ही घ्या पिशवी, डोकं घातलंय कालवणाला. सरका जरा, मागे मावशी खोळंबल्यात. बोला मावशी, काय देऊ?