मशीनला वारा सोसत नाही

बरं, मग तुम्हीच सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा – माणसाच्या डोळ्यावर की टेस्ट प्रिंटवर? डोळ्यावर म्हणता? पहिल्या दिवशी सगळे ऑपरेटर तेच म्हणतात. या, असे जवळ या, हा तुकडा दिव्याखाली धरा. काळ्याच्या रेघा बघा – आहे एक तरी तुटलेली? निळ्याच्या बघा. आणि पूर्वी याच मशीनवर काय निघायचं, ठाऊक आहे? पट्टे! या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे पट्टे. गिऱ्हाईक बॅनर उलगडायचं आणि बॅनर सोडून माझ्या तोंडाकडे बघायचं. एका शाळेच्या बॅनरवर मुलांच्या गालांवरून अशा रेघा गेल्या, की मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मालक, मुलांना तुरुंगात घातलंत की काय? हसलो मी. हसावं लागतं, धंदा आहे. बसा ना, स्टूल घ्या. वास? येतो थोडा. सॉल्व्हंटची शाई आहे, अत्तर थोडंच आहे? सवय झाली की कळतसुद्धा नाही – म्हणजे वास कळत नाही.

मी काही शिकलेला माणूस नाही, पडत-झडत आलोय इथवर. पण या पट्ट्यांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. हेड धुतलं, सोल्युशनमध्ये भिजत ठेवलं, शाई बदलली, केबल बदलली, रोल पुढे सरकतो ते माप केसाकेसाने कमी-जास्त करून पाहिलं. पट्टे आपले जागच्या जागी! तेव्हा मशीनवर माझा मेहुणा असायचा – बायकोचा धाकटा भाऊ. मीच आणलेला. वरची खोली तुम्हाला दिली ना, तीच त्याला दिली होती. गुणी माणूस, हाताला वळण होतं, पण एक खोड – खिडकी उघडी पाहिजे. ते प्लायवूड दिसतंय? तिथे खिडकी होती. आणि त्या पत्र्याच्या जागी हवा बाहेर फेकणारा पंखा. दिवसभर आपला घर्र घर्र. एकदा काय झालं, समोरच्या इमारतीला रंग द्यायला परांची बांधली, धूळ उडायला लागली, म्हणून मी खिडकी लावली, पंखा बंद केला – आणि त्या दिवशीचं काम निघालं आरशासारखं! दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली – पट्टे. लावली – गायब. उघडली – पुन्हा पट्टे. वाऱ्याच्या झोताने शाई हेडच्या तोंडाशीच वाळते, बारीक छिद्रं बुजतात. मशीनला वारा सोसत नाही, बस्स, एवढंच होतं! कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, तुमचं बरोबर आहे, पण खोली बंद करू नका, पंखा छताकडून घ्या, नळी टाका, झोत मशीनवर येणार नाही. खर्च ऐकला मी त्याचा. म्हटलं, साहेब, प्लायवूड काय वाईट आहे? मी स्वतः ठोकलं. फटींना फोम लावला, पंख्याच्या भोकावर पत्रा. तेव्हापासून बघा, गिऱ्हाईक तोंडाकडे बघत नाही.

मेहुणा कुरकुरायचा. दाजी, डोकं धरतं. म्हटलं, पाणी पी, बाहेर जरा चक्कर मारून ये. आता काम असल्यावर चक्कर मारणार कधी, तेही खरंच. मग निराळंच सुरू झालं – छपाई लाल यायला लागली. चेहरे लाल, भिंती लाल, एका डेअरीच्या बॅनरवर दूध गुलाबी! मी पुन्हा मशीनच्या राशीला. लाल शाईचं हेड तपासलं, बाटली बदलली, सगळ्या रंगांची जुळवणी नव्याने केली. टेस्ट प्रिंट मात्र चोख. मशीन ठणठणीत आणि काम लाल, हे कसं? बरेच दिवस वाया गेले माझे. शेवटी कळलं – हाच प्रत्येक फाइलमध्ये लाल वाढवत होता. विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणतो, दाजी, लाल मला दिसतच नाही हो कुठे.

सुट्टी? द्यायचीच होती की. पण सेलचा हंगाम, बॅनरची रांग लागलेली – देणार होतो, अगदी देणारच होतो. दुपारी जेवून आलो, तर हा मशीनच्या पायाशी आडवा, आणि हेड आपलं वरून जातंय येतंय, जातंय येतंय. आणि खरं सांगतो – सांगू नये, पण सांगतो – माझी नजर आधी छपाईवर गेली. अख्खा बॅनर, एक रेघ नाही. मग खाली गेली. डॉक्टरांनी विचारलं, खोलीला खिडकी आहे? म्हटलं, आहे. आहेच की, प्लायवूडच्या मागे! खोटं बोलायची मला सवय नाही.

आता? आता घरीच असतो. भरवलं की जेवतो. बहिणीला ओळखतो, कधी कधी. मला बघितलं की खिडकीकडे बोट करतो – घरची खिडकी सताड उघडी असते हो, तरी करतो. बायको इकडे पाऊल टाकत नाही. माझ्याशी बोलते, नाही असं नाही – मीठ हवं का, एवढं विचारते. जाऊ दे, हे तुम्हाला कशाला सांगत बसलो मी. तो बॅनर मात्र मोठ्या चौकात लागला होता. लोक थांबून बघायचे.

अहो, उठलात कुठे? डोकं दुखतंय? पहिल्याच दिवशी? प्रवासाचा शीण असेल. सामान वर लागलंय, वहिनींनी चूल – म्हणजे गॅस मांडलाय, लेकीचं नाव शाळेत घातलंय, तेही मुख्याध्यापिकाबाईंच्या ओळखीनं, मीच. आता परत कुठे जाणार तुम्ही, आणि कोणाकडे? बसा. बसा म्हणतोय ना.

त्या प्लायवूडला हात लावायचा नाही.

हां. असे. फाइल लावून ठेवली आहे, बटण दाबलं की सुरू. मी निघतो, दार बाहेरून ओढून घेतो – खाली रबराची पट्टी आहे, घट्ट बसतं. छपाई चालू असताना उघडू नका, पट्टा येतो. आणि माल वाया गेला तर लपवाछपवी नको, फूटन् फूट सांगायचा. माझं दुसरं काही मागणं नाही तुमच्याकडे – हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा.